बटणाची गाडी आणि सांगण्याचे पैसे

इचोड्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नागपूरकडून हैदराबादला निघालं की आदिलाबादनंतर गुडीहत्नूर लागतं, मग इचोडा, पुढे नेरडीगोंडा आणि निर्मलच्या अलीकडचा घाट. वडिलांच्या काळात हा सात नंबरचा रस्ता होता. २०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर मिळाले आणि तो चव्वेचाळीस झाला. जुने ड्रायव्हर अजून सात नंबरच म्हणतात.

दुकानात दिवसभर तीन-चार भाषा चालतात. घरची मराठी, बाजाराची तेलुगू, गॅरेजची दखनी, आणि उटनूर-इंद्रवेल्लीकडची गोंड मंडळी आली तर कामापुरती गोंडी. पूर्वी या भाषांचा उपयोग चहापाण्यापुरता होता. गाडीच्या कामाला बोलणं कमीच लागायचं. सेल्फ कसा फिरतोय ते कानाने ऐकायचं, वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा, दिवा कुठे लागतो आणि कुठे विझतो ते बघायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत बटणाच्या, म्हणजे चावी न फिरवता चालू होणाऱ्या, गाड्या वाढल्या आणि माझं काम तोंडाकडे सरकलं. अर्धी दुरुस्ती आता फोनवर होते. 'रिमोट बटणाला टेकवा, मग ब्रेक दाबा' हे वाक्य मला चारही भाषांत तोंडपाठ झालंय.

वडील सेल्फ आणि डायनॅमो बांधायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकलो तेव्हा बोथच्या, उटनूरच्या रस्त्यांना जीपा माणसांनी भरून चालत. त्या जीपांच्या चाव्या झिजून इतक्या गुळगुळीत झालेल्या असत की एकीची चावी दुसरीला लागून जाई. चावी हरवली म्हणून कोणी घाबरत नसे. डॅशबोर्डखाली हात घालायचा, वायरी डायरेक्ट करायच्या, सेल्फ मारायचा. बॅटरी बसली असेल तर पॅसेंजर उतरून धक्का देत आणि गाडी दुसऱ्या गिअरला उचलत असे. कुलूप म्हणून ती चावी कुचकामी होती. पण एक काम ती चोख करायची. गाडी चालू आहे की बंद, आणि या घडीला ती कोणाच्या ताब्यात आहे, हे नुसतं चावीकडे बघून कोणालाही कळायचं. चावी स्टेअरिंगला असली तर गाडी चालणार, खुंटीवर असली तर घरात कोणीतरी आहे, आणि ड्रायव्हरच्या करंगळीत फिरत असली तर गाडी आता निघणार.

खरं तर चावी फिरवून इंजिन चालू करणं हीसुद्धा मोटारीच्या इतिहासात उशिराने आलेली सोय. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला आणि पुढून हँडल मारणं सुटलं. पण नंतर बरीच वर्षं चावीने किंवा खटक्याने फक्त करंट चालू व्हायचा. इंजिन फिरवायला वेगळं बटण नाहीतर पायाखालचा दट्ट्या असे. एकाच चावीने दोन्ही कामं होण्याची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा सेल्फ पायाने दाबायचा होता, आणि युद्धाच्या उत्तरार्धात बनलेल्या जीपना तर चावीच नव्हती, नुसता खटका. त्यामुळे गावात पहिल्यांदा बटणाची गाडी आली तेव्हा वडिलांना तिचं काही अप्रूप वाटलं नाही. 'बटण जुनंच आहे रे,' ते म्हणाले, 'हिला चावी कशी कळते ते शिकून घे.'

मधला टप्पा चिपच्या चावीचा होता. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, हळूहळू आपल्याकडच्या गाड्यांतही तो आला. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप, आणि ती ओळखल्याशिवाय इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही. वायरी डायरेक्ट करण्याचं कसब तिथे संपलं. सेल्फ फिरायचा, इंजिन उचलायचं नाही. त्याच सुमाराला मर्सिडीजने आपल्या मोठ्या गाडीत चावी खिशातून न काढताच गाडी चालू करायची सोय दिली. भारतात २०१० मध्ये निस्सान मायक्रासारख्या छोट्या गाडीला बटण आलं आणि पुढच्या काही वर्षांत मधल्या किमतीच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत ते दिसू लागलं. आमच्याकडे ते आलं कापसाच्या हंगामानंतर, हैदराबाद-नागपूरहून आणलेल्या जुन्या गाड्यांतून.

गिऱ्हाइकाला मी हे कसं चालतं ते शाळेतल्या हजेरीवर समजावतो. दाराच्या मुठीवरचं छोटं काळं बटण दाबलं की गाडी हळू आवाजात हाक मारते. ही हाक सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासची, मीटर-दीड मीटरपलीकडे जात नाही. खिशातलं रिमोट ती ऐकून जागं होतं आणि मोठ्याने ओ देतं. आपल्याकडे ही ओ बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर असते. ओ देताना ते दरवेळी नवा कोड सांगतं, म्हणजे कालची ओ आज चालत नाही. गाडीच्या आत आणि बाहेर वेगवेगळ्या अँटेना असतात, त्यामुळे रिमोट आत आहे की बाहेर हेही तिला समजतं. ओळख पटली की दार उघडतं, आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबलं की इंजिन चालू होतं.

एवढं सांगून झालं की मी मुद्द्याचं बोलतो. ओ आली, एवढंच गाडीला कळतं. रिमोट मालकाच्या खिशात आहे, पोराच्या हातात आहे की सीटखाली घरंगळलंय, हे तिला कळत नाही. माझ्याकडे येणारी बटणाच्या गाड्यांची बहुतेक भानगड या एका वाक्यात बसते.

पहिला प्रकार सेलचा. डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद जिल्ह्यात थंडी कडक असते, काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. रात्री ढाब्याजवळच्या लॉजवर थांबलेलं कुटुंब पहाटे निघायला बघतं आणि गाडी दारच उघडत नाही. रिमोटमधला नाण्यासारखा सेल थंडीने मरगळलेला असतो. मल्टिमीटर लावला तर तो तीन व्होल्टच्या जवळ दाखवतो आणि माणूस म्हणतो, सेल तर चांगला आहे. पण ओ देताना क्षणभर जो जोर लागतो तेवढा तो देऊ शकत नाही. उन्हं वर आली, रिमोट मुठीत धरून गरम केलं की तोच सेल पुन्हा दोन-चार वेळा काम करतो, आणि माणूस हैदराबादपर्यंत निर्धास्त जातो. दुसऱ्या पहाटे तिथे तेच होतं.

या सेलवर बहुधा सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. त्यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हे माहीत नसल्याने किराणा दुकानातून लोक २०२५ घेऊन येतात. व्यास तोच, जाडी कमी, त्यामुळे तो डबीत बसतो पण पत्र्याला नीट टेकत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की स्क्रीनवर चावी सापडत नाही असं येतं, आणि माणूस समजतो कॉम्प्युटर गेला.

सेल पूर्ण मेला तरी गाडी चालू होते, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो आणि रोज समोरचा चकित होतो. जुन्या चिपच्या चावीत होती तशी चिप रिमोटमध्येही असते. तिला सेल लागत नाही. बटणाच्या मागे तारेचं वेटोळं असतं, रिमोट त्याच्याजवळ नेलं की त्या वेटोळ्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. म्हणून बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून धरायचं. काही गाड्यांत जागा वेगळी असते, कपहोल्डरमध्ये किंवा स्टेअरिंगच्या दांड्यावर खूण केलेली. दारासाठी रिमोटच्या पोटात लोखंडी चावी दडवलेली असते. एक बारीक खिट्टी सरकवली की ती बाहेर येते. तिचं भोक काही गाड्यांत मुठीवरच्या झाकणाखाली लपवलेलं असतं.

कंपनीने एवढी सगळी सोय केलेली आहे, आणि मालकाला त्यातलं काहीच माहीत नाही. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न आलेलं. गाडी देताना शोरूममध्ये हार घालतात, पेढा भरवतात आणि फोटोसाठी हातभर लांब पुठ्ठ्याची चावी हातात देतात. ती पुठ्ठ्याची चावी अजून दात्यांची, जुन्या घाटाची असते. ज्या गाडीला असली चावीच नाही तिचाही फोटो तिच्यासोबत निघतो. त्याच पाच मिनिटांत कोणी रिमोटच्या पोटातली चावी काढून दाखवली असती तर माझ्याकडचे निम्मे फोन आले नसते.

लोखंडी चावी सापडली तरी काम सुटतंच असं नाही. चार-पाच वर्षं ते भोक कोणी वापरलेलं नसतं. या रस्त्याची धूळ, पावसाळ्याचं पाणी, वर वॉशिंगचा फवारा. चावी आत जाते आणि फिरत नाही. तिथे जोर लावला की पातळ चावी मोडते. मी फोनवर आधी विचारतो, शेवटचं कधी वापरलं होतं? उत्तर ठरलेलं असतं: तिथे भोक आहे हेच माहीत नव्हतं. मग स्प्रे, हलक्या हाताने मागेपुढे, आणि सबुरी.

गाडीची मोठी बॅटरी उतरली तर गोष्ट आणखी वेगळी. रिमोट ठणठणीत असतं, पण हाक मारायलाच गाडीत जीव नसतो. याचं एक कारण मी लग्नसराईत हमखास बघतो. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की इंजिन चालू न होता फक्त रेडिओ आणि स्क्रीन चालू होते. मंडपाबाहेर पोरं गाणी लावून बसतात, गाडी 'बंद' आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि वरात निघायच्या वेळी बॅटरी बसलेली. मग चारजण उत्साहाने धक्का द्यायला उतरतात. त्यांना थांबवावं लागतं. बॅटरी पार मेली असेल तर बटण दाबून करंटच चालू होत नाही, स्टेअरिंगचं लॉकही सुटत नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने चालू होतच नाही. बाहेर काढायची ती जंपर केबल. बॉनेट उघडायची खिट्टी आत, आत जायला दार, आणि दार उघडायला पुन्हा तीच लोखंडी चावी.

पावसाळ्यात कुंटाला धबधब्याकडून येणारी गिऱ्हाइकं वेगळी. नेरडीगोंड्यापासून आत वळलं की कडम नदीवरचा हा धबधबा; शेकडो पायऱ्या उतरून माणसं पाण्यात जातात. पूर्वी चावी कोणाकडे तरी सांभाळायला देऊन पाण्यात उतरत. आता रिमोट खिशातच राहतं, कारण ते खिशातून काढायची सवयच गेलेली असते. वर येऊन गाडीजवळ उभे राहिल्यावर आठवण होते. अशा वेळी फोन आला तर मी सांगतो की बटणं दाबून बघू नका, आधी उघडून सेल काढून ठेवा. ओल्या सर्किटमध्ये सेल राहिला तर तांबं गंजायला लागतं. सेल वेळेत काढलेलं रिमोट स्पिरिट आणि टूथब्रशने साफ करून, वाळवून बहुतेक वेळा परत चालतं. खंडेनवमीनंतरच्या आठवड्यातही अशी रिमोटं येतात. हत्यारांबरोबर गाडीची पूजा होते, रिमोटला हळदीकुंकू लागतं, वर पाण्याची बोटं शिंपडली जातात. ते कुंकू लॉकच्या बटणाच्या फटीत जाऊन बसतं. पूजा करू नका असं मी कोणाला म्हणत नाही. लोखंडी चावी काढून तिला लावा म्हणतो. निदान त्या निमित्ताने ती वर्षातून एकदा बाहेर येते.

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र सेल चांगला असतानाच होतो. आदिलाबादच्या एका कापूस व्यापाऱ्याला त्याचा ड्रायव्हर रात्रीच्या कृष्णा एक्सप्रेसवर सोडायला गेला. स्टेशनसमोर इंजिन चालूच होतं. शेठ उतरले, बॅग घेतली, रेल्वेत बसले. ड्रायव्हर आमच्या इचोड्याचा. गाडी घेऊन गावाकडे आला, पंपावर डिझेलसाठी इंजिन बंद केलं, आणि मग ते चालू होईना. रिमोट शेठच्या जॅकेटात होतं. रस्ता दक्षिणेला येतो आणि रेल्वे किनवटकडे वळते, त्यामुळे गाडी इचोड्यात आणि चावी किनवटच्या वाटेवर. मला पंपावर बोलावलं तेव्हा करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. फोन लावून दुसरं रिमोट घरात कुठल्या कपाटात आहे ते शेठांना विचारलं आणि त्यांच्या मुलाला मोटरसायकलवर बोलावलं.

ड्रायव्हरचा सवाल रास्त होता. 'अन्ना, चावी गेली तर गाडी तिथेच बंद का नाही पडली?' कारण चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडणं जास्त धोक्याचं. घाटात रिमोटचा सेल संपला आणि गाडी बंद पडली तर काय होईल? म्हणून इंजिन एकदा चालू झालं की गाडी रिमोट नसल्याबद्दल फक्त शिट्टी वाजवते आणि स्क्रीनवर लिहिते. शिट्टी त्याने ऐकली होती. पण १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना सीटबेल्टची, ऐंशीच्या वर वेग गेल्याची, मागे घेताना अडथळ्याची, अशा सगळ्या सूचना सक्तीच्या झाल्या आहेत. दिवसभर वाजणाऱ्या गाडीत एक शिट्टी चावी गेल्याची आहे हे त्याला कसं समजावं? आता मी ड्रायव्हर मंडळींना एकच शिस्त सांगतो: माणूस उतरला की इंजिन बंद करा, पुन्हा चालू करा, आणि मग निघा. चालू झालं म्हणजे रिमोट गाडीत आहे.

इंजिन चालू राहून जाण्याची दुसरी बाजू गंभीर आहे. चावी फिरवून काढली की इंजिन बंद झालं याची हाताला खात्री होती. रिमोट खिशात घेऊन उतरणाऱ्याला ती नसते, आणि नव्या इंजिनांचा आवाजही कमी. अमेरिकेत घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये अशा गाड्या चालू राहिल्या, कार्बन मोनॉक्साइड घरात भरला आणि माणसं झोपेत गेली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये शोध घेतला तेव्हा २००६ पासूनचे असे २८ मृत्यू सापडले. पुढे टोयोटासारख्या कंपन्यांनी ठरावीक वेळानंतर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय जाहीर केली. आमच्याकडे अंगणात, झाडाखाली गाड्या उभ्या राहतात, बंद गॅरेज क्वचित. पण थंडीत ढाब्यामागे भिंतीला गाडी लावून, काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपणारे ड्रायव्हर मी बघतो. वायूला गॅरेजच लागतं असं नाही. दिसला की काच वाजवून उठवतो, शिव्या खाव्या लागल्या तरी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. चालत्या गाडीत काही बिघाड होऊन इंजिन बंद करायची वेळ आली तर बटण एकदा दाबून भागत नाही. चुकून हात लागून इंजिन बंद पडू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा लागोपाठ काही वेळा दाबावं लागतं. घाबरलेला माणूस एकदा दाबतो, काही होत नाही, आणि आणखी घाबरतो. हे संकटाच्या वेळी फोन करून विचारण्यासारखं नाही, आधीच माहीत हवं.

चोरीचे व्हिडिओ बघून येणारे गिऱ्हाईकही असतात. एकजण घराच्या दाराशी एक पेटी धरतो, दुसरा गाडीशी दुसरी, आणि गाडी निघून जाते. यात जादू नाही. गाडीची हाक लांबवून घरातल्या रिमोटपर्यंत पोहोचवली जाते, रिमोट इमानाने ओ देतं. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. कोड कितीही अवघड असो, अंतर हाच पुरावा मानला की अंतर खोटं पाडता येतं. रिमोट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं तर उपयोग होतो, पण डबा गाडीजवळ नेऊन एकदा तपासायचा. झाकण ढिलं असेल तर दार खुशाल उघडतं. इचोड्यात मला अशा चोरीपेक्षा साध्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. लोक अंगणाच्या भिंतीला गाडी लावतात आणि त्याच भिंतीच्या आतल्या खिळ्याला रिमोट अडकवतात. तिथे कोणाला पेटी लागतच नाही.

जुनी गाडी घेताना एकच रिमोट मिळालं तर मी हात राखून बोलायला सांगतो. दुसरं कुठे आहे हे विकणाऱ्याने सांगितलंच पाहिजे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एक नसली की प्रश्नांची रांग लागते. शिवाय ते हरवलेलं रिमोट ज्याच्या हाती असेल त्यालाही गाडी ओळखते. स्कॅनर लावून गाडीच्या आठवणीतून जुन्या चाव्या पुसता येतात, हातातली तेवढी ठेवता येते. हे काम मी करतो, पण आरसी बघून, मालक समोर उभा असेल तरच. महाराष्ट्रातून आलेली एमएच २६, एमएच २९ ची गाडी असो की आमची टीएस ०१, टीजी ०१ ची, नियम तोच. हप्ता थकलेल्या गाड्यांसाठी माणसं येतात, गाडी आमच्या ताब्यात आहे, फक्त चावी बनवून द्या म्हणतात. दुप्पट पैसे देतो म्हणतात. पोलिसांना दिलेल्या सूचनेचा कागद दाखवा म्हटलं की बहुतेक जण चहा न पिताच जातात. झिजलेल्या चावीच्या काळात वडिलांना कधी हा प्रश्न पडला नव्हता, कारण गाडी आणि मालक दोघांनाही ते तोंडाने ओळखत. आता गाडी कोणालाच तोंडाने ओळखत नाही, म्हणून ते काम मला करावं लागतं.

आणि मग येतो पैशाचा प्रश्न, जो या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात अवघड गेला.

वडिलांचा नियम होता: मालाचे घ्यायचे, मजुरीचे घ्यायचे, तोंडाचे घ्यायचे नाहीत. सेल्फ खोलून, कॉइल भरून, हात काळे करून संध्याकाळी पैसे मागितले तर कोणी घासाघीस करायचं नाही. केली तरी काळे हात दिसत असायचे. मी मात्र गाडीजवळ जातो, रिमोट बटणाला टेकवतो, इंजिन चालू होतं. लागलेला वेळ, डोळ्याची पापणी लवायलाही पुरणार नाही इतका. नागपूरचे एक काका पैसे देताना सरळ म्हणाले, 'भाऊ, तुम्ही तर काहीच केलं नाही.' ते खोटं नव्हतं. बायकामुलं दोन तास उन्हात उभी होती आणि मी काहीच न करता गाडी चालू करून दिली होती.

बराच काळ मी वडिलांचा नियम पाळला आणि फक्त सेलचे पैसे घेतले. पण स्कॅनर विकत घ्यावा लागतो, दरवर्षी नव्या मॉडेलांसाठी त्याचं अपडेट भरावं लागतं, रिमोटची ओ तपासायचं यंत्र वेगळं. कुठल्या गाडीची खिट्टी कुठे आणि भोक कुठल्या झाकणाखाली, हे शिकायला माझे दिवस गेले आहेत. पूर्वी कसब हातात होतं म्हणून ते मजुरीत धरलं जायचं. आता तेच कसब तोंडात आलं, तर त्याची मजुरी का बुडावी? वडिलांच्या नियमाने माझं नुकसान होत होतंच, गिऱ्हाइकाचंही होत होतं. फुकट सांगितलेलं कोणी नीट ऐकत नाही. गाडी चालू झाली की माणूस निघून जातो आणि पुढच्या थंडीत पुन्हा फोन करतो. पैसे मोजलेला माणूस थांबतो, लोखंडी चावी स्वतःच्या हाताने काढून बघतो, दोनदा विचारतो.

म्हणून आता मी गाडी चालू करून पैसे मागत नाही, शिकवून मागतो. मालकाला ड्रायव्हरच्या जागी बसवतो. सेल काढून रिमोट त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, आता घरी जा. तो लोखंडी चावी शोधतो, भोक शोधतो, दार उघडतो, रिमोट टेकवतो, इंजिन चालू करतो, इंजिन चालू असताना रिमोट बाहेर नेऊन ती शिट्टी ऐकतो. सोबत बायको किंवा पोरगी असेल तर तिच्याकडूनही करून घेतो, कारण अडचणीच्या वेळी गाडीत कोण असेल सांगता येत नाही. बायका बहुधा पहिल्याच खेपेला शिकतात. खिट्टी कुठे आहे हे पुरुषांना दुसऱ्यांदा विचारायला लाज वाटते. रात्री रस्त्यावर अडलेल्याचा फोन आला तर वडिलांचा नियम लागू, त्याचे काही घेत नाही.

दुकानात भिंतीवर आता मराठी आणि तेलुगूत दर लिहून ठेवलाय. सेलचे ऐंशी, सांगण्याचे शंभर. सेल घरून आणला तर फक्त शंभर.